नस सरकली की सरकलीच नाही?

मंडळी, सकाळपासून डोक्याचा नुसता गोंधळ झालाय.

ताईच्या परवा जन्मलेल्या बाळानं अजून शी केली नाही, पोट फुगलंय. वळसंगहून आलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, "नस सरकली असंल की. तेल लावून चोळते."

डॉक्टरांनी चोळू दिलं नाही. म्हणाले, "बाळ पोटात वाढताना आतड्याच्या नसा घडवणाऱ्या पेशी वरून खाली सरकत जातात. याच्या आतड्याच्या शेवटपर्यंत पोचल्या नसाव्यात, म्हणून तिथून शी पुढे ढकलली जात नाही. तपासणी करू, बहुतेक ऑपरेशन लागेल."

सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "सरकली म्हणत्यात का न्हाय सरकली? एक काय ते सांगा."

"सरकायला हवी होती, सरकली नाही." बोललो खरं, पण मलाच नीट कळेना.

ताई हळूच म्हणाली, "माझ्याच पोटात थांबल्या ना त्या? मग मला कसं कळलं नाही?"

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?