अकराची गाडी

वामन सेलूकर सरांना अर्धांगवायूचा झटका आला तो सकाळी आंघोळ करून आल्यावर, शर्टाची बटणं लावताना. अठरा दिवसांनी ते दवाखान्यातून घरी आले, तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेला होता आणि बोलण्यातले दोनच शब्द उरले होते, 'बराबर' आणि 'थांब'. पाणी हवं असलं तरी बराबर, पाठ अवघडली तरी बराबर. नुसत्या सुरावरून ओळखायचं. त्यांच्या बायकोला, नीलाताईंना, तो सूर कळायला तीन महिने लागले. त्याच तीन महिन्यांत त्यांनी सिंचन खात्यातली आवक-जावकच्या टेबलाची नोकरी मुदतीआधी सोडली. दुसरा इलाज नव्हता. मुलगी गंधाली पुण्याला नोकरीत. घर जुन्या जालन्यात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. सरांची चाकाची खुर्ची फिरायची ती हॉलपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून हॉलपर्यंत.

आणि हॉलमध्ये रेल्वे होती.

सर शाळेत भूगोल शिकवायचे, पण जीव आगगाडीत. लहानपणी मनमाडकडून येणारी मीटरगेजची गाडी आणि तिचं काळं वाफेचं इंजिन त्यांनी पोटभर पाहिलं होतं. पुढं रूळ रुंद झाले, ती इंजिनं गेली, तेव्हा सरांनी प्लायवूडच्या टेबलावर जुनं जालना स्टेशन उभं करायला घेतलं. बारा फूट बाय पाच फूट. फलाट, पाण्याची टाकी, सिग्नल, आणि तळहातावर मावतील असे डबे. इंजिनाची मोटर आणि चाकं जर्मन, हैदराबादहून आणलेली; वरचा सांगाडा सरांनी स्वतः पत्रा कापून केलेला. त्या टेबलामुळे गॅलरीचं दार अर्धंच उघडायचं. बावीस वर्षं नीलाताई ओल्या कपड्यांची बादली घेऊन तिथून अंग चोरून जात आल्या होत्या. गाडीशी त्यांचा संबंध तेवढाच.

घरी आल्यावर सर जेवेनासे झाले. घास पुढं केला की तोंड फिरवायचे. दिवसा मदतीला येणारी दुर्गाबाई मूळची केदारखेड्याची, मुलगा स्टीलच्या कारखान्यात लागला म्हणून जालन्यात आलेली. तिनं दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "ताई, सर सारखं त्या गाडीकडं पाहून राह्यले. चालवा की जरा."

नीलाताईंनी घाबरत बटण फिरवलं. इंजिन गुरगुरलं, तीन डबे ओढत वळणावरून निघालं. सरांनी वाटीभर वरणभात खाल्ला.

त्या दिवसापासून नेम लागला. अकराला एकदा, चारला एकदा. दहा मिनिटं उशीर झाला की सर डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवायचे. बरं, गाडी नुसती चालू करून भागत नव्हतं. फलाटाच्या अलीकडं रूळ दुभंगायचे त्या सांध्यावर इंजिन हमखास अडायचं. सर चालवायचे तेव्हा बोटानं हळूच ढकलायचे. आता प्रत्येक फेरीला ते बोट नीलाताईंचं. अर्धा तास टेबलाशी उभं राहायचं, दर फेरीला ढकलायचं. मागून ओरडणं, "थांब! थांब!" म्हणजे थांबू देऊ नको.

"ऑफिसात मला रजा तरी मिळायची," त्या फोनवर गंधालीला म्हणाल्या. "इथं पाय अवघडला तरी जागा सोडता येत न्हाई."

"आई, बंद कर ना मग ती गाडी."

"मंग जेवतील का ते?"

असं पाच महिने चाललं. मग एके दिवशी सांध्यावर इंजिन अडलेलं असताना नीलाताईंच्या मनात आलं, हे इंजिनच जर बरं केलं, न अडता फिरायला लागलं, तर आपण इथं कशाला हव्यात? दुर्गाबाईला बसवून जाता येईल. कुठं, ते त्यांनी ठरवलं नव्हतं. नुसतं जाता येईल.

त्यांना गाडीची काही आवड नव्हती. सुटायचं होतं म्हणून त्या शिकल्या.

आधी इंजिन उलटं करून पाहिलं. चाकांवर काळी पुटं चढली होती. घरात इंजेक्शनसाठी स्पिरिट होतंच. कापसाच्या बोळ्यानं एकेक चाक लख्ख केलं. रूळ खोडरबरनं घासले. तरी अडतंच. मग सरांच्या कपाटातली वही काढून वाचली, मोबाईलवर पाहिलं आणि लक्षात आलं. इंजिन लहान, रुळातून वीज घेणारी चाकं मोजकी, आणि सांध्याच्या मधला तुकडा प्लास्टिकचा. चाकं त्यावर आली की वीजच तुटते. उपाय असा की पाठच्या डब्याच्या चाकांनीही वीज घ्यायची आणि तारेनं इंजिनाला द्यायची. त्यासाठी डब्याची प्लास्टिकची चाकं काढून धातूची बसवायची, त्यांना पितळेच्या बारीक तारा टेकवायच्या. नीलाताईंनी तारा जोडायला कथलाचा डाग द्यायला शिकून घेतलं. पहिल्या दिवशी बोट भाजलं, दुसऱ्या दिवशी डब्याचं छत वितळलं. टायरवाल्याकडून शिशाच्या पट्ट्या आणून इंजिनाच्या पोटात चिकटवल्या. वजन वाढल्यावर चाकं रुळाला धरून चालू लागली. मोटरीतले झिजलेले कार्बनचे ब्रश बदलले.

सर हे सगळं खुर्चीतून पाहात होते. आपल्या इंजिनाचं पोट बायकोनं उघडलेलं पाहून पहिल्यांदा ते इतके ओरडले की खालच्या मजल्यावरून माणूस वर आला. पुढं ओरडले नाहीत. मान भिंतीकडं करून बसायचे.

चैत्रात एका सकाळी गाडी चालू केली. सांधा आला. इंजिन डळमळलंसुद्धा नाही. दहा फेऱ्या, वीस फेऱ्या. नीलाताई हात मागं बांधून उभ्या होत्या. त्यांना चक्क आनंद झाला आणि स्वतःचाच राग आला.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसातल्या शिवकन्याचा निरोप समारंभ होता. नीलाताईंनी बऱ्याच दिवसांनी इस्त्रीची साडी नेसली, अकराला गाडी चालू केली, दुर्गाबाईला बटण दाखवलं आणि जिना उतरल्या. समारंभात बायकांनी त्यांना मधोमध बसवलं. कुणी विचारलं, "मॅडम, वेळ कसा जातो?" पितळेच्या तारेबद्दल सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं, पण गिळलं. भाषणं चालू असताना त्या मनात फेऱ्या मोजत होत्या.

दोन तासांनी परत आल्या तर दार उघडंच. गाडी फिरत होती. सरांचा घसा बसलेला, डोळे लाल.

"इंजिन अडलं का?" नीलाताईंनी विचारलं.

"अडलं न्हाई बा. बिलकुल न्हाई," दुर्गाबाई म्हणाली. "पण सर गाडीकडं पाहातच नव्हते. तुम्ही गेल्त्या तवापासून दाराकडं तोंड करून एकच. थांब, थांब, थांब."

नीलाताई खुर्चीत बसल्या. त्यांनी इतके महिने गाडी चालवली होती, ती सरांना बघायची आहे म्हणून. सरांना बघायचं होतं ते टेबलाशी उभं असलेलं माणूस. ते माणूस हलू नये, एवढंच. त्यासाठी इंजिन अडत होतं तेच बरं होतं.

दुर्गाबाई गेल्यावर त्या सरांसमोर बसल्या. "मी तुमची बायको आहे," त्या म्हणाल्या. "पण मीही माणूसच आहे. एवढं भ्या वाटतं, तर सुरातून तरी सांगायचं. मी उभी राहून राहून मेले."

सरांनी डाव्या हातानं त्यांच्या पदराचं टोक धरलं आणि सोडेनात. नीलाताईंनी बोटं एकेक करून सोडवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेग कमीजास्त करायची पेटी टेबलावरून काढली, लांब तार जोडली आणि सरांच्या खुर्चीच्या डाव्या दांड्याला पक्की बसवली. "आता तुमची तुम्ही चालवा. मी चालवणार न्हाई."

सरांनी हात लावला नाही. जेवणही नाकारलं. नीलाताईंनी ताट तिथंच ठेवलं आणि आत गेल्या. दोन दिवस दोघंही हट्टाला पेटले होते. सर ताकावर राहिले, तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईच्या हातून जेवले. गाडी मात्र तीन आठवडे जागची हलली नाही.

मग एका दुपारी नीलाताई गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होत्या, तेव्हा आतून मोटरीची घरघर आली. त्या वळून पाहीपर्यंत इंजिन भलत्या वेगानं वळणावरून सुटलं आणि फरशीवर आपटलं. धुराडं तुटून कॉटखाली गेलं. लहान मुलानं काही फोडल्यावर पाहावं तसं सर त्यांच्याकडं पाहात होते.

नीलाताईंनी इंजिन उचललं, चाकं फिरवून पाहिली. "बटण एवढं फिरवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "हळू." धुराडं चिकटवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सरांनी गाडी अशी काढली, की फलाटाशी येऊन ती नेमकी थांबली.

तेव्हापासून दर गुरुवारी अकरा ते एक नीलाताई बाहेर जातात. मोतीतलावाच्या काठी बसतात, कधी शिवकन्याकडं. पहिले काही गुरुवार सरांनी आरडाओरडा केला. आता करत नाहीत. पण त्या परतल्या की दोन दिवस भातालासुद्धा तोंड लावताना आढेवेढे घेतात. आठवड्यातले दोन तास, त्याहून जास्त नाही.

मे महिन्यात गंधाली आली. पुण्यात अशा रुग्णांना सांभाळणारं चांगलं ठिकाण तिनं पाहून ठेवलं होतं. फोटो दाखवले. बाग, खाटा, नर्स. "बाबांना तिथं ठेवू. तू माझ्याकडं ये. आई, तू किती दिवस अशी राहणार?"

नीलाताईंनी सगळे फोटो शांतपणे पाहिले. "न्हाई," म्हणाल्या.

"प्रेम आहे म्हणून?"

"ते मला सांगता येत न्हाई. खरं सांगू? तिथं येऊन सकाळी उठल्यावर काय करायचं, हेच मला सुचत न्हाई."

गंधाली रडली. नीलाताई रडल्या नाहीत. रविवारी तिला पुण्याच्या गाडीत बसवून आल्या.

सोमवारी नऊ दिवसांनी नळाला पाणी आलं. ड्रम, बादल्या, कळशा सगळं भरायचं होतं. गुडघे दुखत होते, पाण्याला वेग कमी होता. तेवढ्यात आत सरांनी अकराची गाडी काढली. नीलाताईंनी आवाज ऐकला, मागच्या डब्याचं एक चाक घासतंय हे त्यांच्या कानाला कळलं, आणि त्यांनी भरलेली बादली बाजूला सरकवून दुसरी नळाखाली लावली.