एकट्याची मोजणी

वाचनालयाच्या दारावर बसणाऱ्या बाईंचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणीतरी उच्चारत असेल. एरवी सगळ्यांच्या तोंडी त्या मोजणीबाईच. काम एकच, आत येणारी माणसं मोजायची. दारापाशी उंच स्टूल, समोर छोटं टेबल, टेबलावर म्हातारा कॉम्प्युटर. एकजण आला की एकचं बटण आणि एंटर, आईबाप आणि दोन पोरं आली की चारचं बटण आणि एंटर. वाचनालय सुरू झाल्यापासूनचा, कोटीच्या पुढे गेलेला एकूण आकडा पडद्यावर तेवढ्याने पुढे सरकायचा. "यात काय मोठंसं?" असं कुणी म्हणालं की बाई म्हणायच्या, "बसून बघा एक दिवस. पहिल्याच तासाला शिंक येते, आणि शिंकेत तिघं निसटतात."

हिशेबाच्या फार कडक. कडेवरचं मूल एक धरायचं, कुत्रं धरायचं नाही. गरोदर बाई आली तरी एकच. एका हौशी बापाने "दोन लावा ना" म्हणून गळ घातली तेव्हा बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "बाहेर आला की त्याला घेऊन या. तेव्हा लावते." छत्री विसरून बाहेर गेलेला माणूस परत आत आला तर त्याला दुसऱ्यांदा धरायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. त्यासाठी संध्याकाळपर्यंत चेहरे लक्षात ठेवावे लागायचे, आणि ते राहायचे.

लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांना मात्र त्यांनी कधी मोजलं नाही. मोजलं असतं तर तो आकडाही कोटीत गेला असता. दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, आणि मजेत राहायच्या. चिडायच्या त्या एकाच गोष्टीवर. कुठेही गेलं की समोरचा माणूस त्यांच्या खांद्यावरून मागे डोकवायचा, आणखी कोण येतंय ते बघायला, आणि कुणीच दिसलं नाही की त्याचा चेहरा असा पडायचा की जणू बाईंनी कुणाला तरी रस्त्यात हरवलंय.

तर एका दुपारी एक विद्यार्थी आत आला. बाईंनी एक दाबलं, एंटर दाबलं. आकडा ढिम्म. एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा. पुन्हा एकजण आला. पुन्हा तेच, दोनशे सोळा. बाईंनी कॉम्प्युटरच्या पाठीत एक धपाटा घातला, जो आजवर दर वेळी लागू पडला होता. या वेळी नाही पडला. एवढ्यात एक नवरा-बायको भांडत भांडत आत आले. दोन, एंटर. आकडा झाला दोनशे अठरा. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यामागून एक जाडजूड गृहस्थ आले, एकटेच. एक, एंटर. दोनशे वीस!

"अहो, तुमच्याबरोबर कोणी होतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही बुवा," गृहस्थ म्हणाले आणि उगाचच पोट आत ओढून पुढे गेले.

त्यांच्यामागून आलेले पाच-सहा एकटे मात्र साफ गायब. आकडा दोनशे वीसवर मांडी ठोकून बसला.

आठवडाभर निरीक्षण केल्यावर बाईंना यंत्राचा स्वभाव कळला. एकटा माणूस आला की ते त्याला धरत नाही. क्वचित लहर लागली की एकाला दोन धरतं, पण पुन्हा नाक मुरडून बसतं. तिघं आले तर कधी चार, कधी दोन. जोडी आली की मात्र बिनचूक दोन. बाईंनी कपाळाला हात लावला. जगातल्या सगळ्या आत्या-माम्या-काकवा कमी पडल्या म्हणून आता हा कॉम्प्युटरही त्यांना सामील झाला होता.

"बाई, बंद करून चालू करा," ग्रंथपाल म्हणाले. ग्रंथपाल सज्जन होते, पण पुस्तकाला वीज लागत नाही हा त्यांच्या आयुष्यातला मोठा दिलासा होता. बाईंनी बंद करून चालू केलं. काही फरक नाही. ज्याने मोजणीचा तो प्रोग्रॅम लिहिला होता त्याने केव्हाच धंदा बदलला होता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण महिना संपला आणि मुख्य कार्यालयातून साहेबांचा फोन आला. आकडे रोज आपोआप त्यांच्याकडे जायचे. दिवसा शाळांचे घोळके, आयांबरोबरची पोरं, त्यामुळे दिवसाचा आकडा बरा दिसत होता. पण संध्याकाळचा?

"संध्याकाळी तुमच्याकडे चिटपाखरूही नसतं," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून संध्याकाळचं वाचन बंद. त्या हॉलमध्ये जुन्या फायली ठेवू."

"अहो, हॉल भरलेला असतो!" ग्रंथपाल म्हणाले. "बाईंनी बोटांवर मोजलेत."

"बोटांवर नको. कॉम्प्युटर काय म्हणतो ते महत्त्वाचं."

याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. संध्याकाळी येणारे सगळे एकटेच असायचे. एका खोलीत सहाजण राहणाऱ्या घरातली परीक्षेची मुलगी, बायको गेल्यापासून घरी दिवा लावायचा कंटाळा करणारे निवृत्त पोस्टमन, दिवसभर शिवणयंत्र चालवून मान मोडलेली आणि खुनाच्या कादंबऱ्यांवर तुटून पडणारी टेलरबाई, ड्यूटी सुटलेला बसचालक. कुणाला घरी जागा नाही, कुणाला घरी माणूस नाही. त्यांना त्या हॉलशिवाय दुसरीकडे जायला ठिकाण नव्हतं, आणि कॉम्प्युटरच्या मते ते नव्हतेच. मोजणीबाईंना रडू येईलसं झालं. ते यायला नको म्हणून त्या चिडल्या.

एकाला दोन दाबणं अगदी सोपं होतं. ग्रंथपालांनी खाकरत तसं सुचवलंही. पण खोटा आकडा बाईंच्या बोटातून उतरेना. दुसऱ्या संध्याकाळी त्या स्टूलवरून उठून दारात उभ्या राहिल्या आणि पोस्टमनकाकांना त्यांनी अडवलं.

"थांबा. जोडी येऊ द्या."

"कसली जोडी?"

"कसलीही. हे यंत्र एकट्याला धरत नाही. दुसरं कुणी आलं की दोघं बरोबर आत जा, मी दोन लावते. त्यात खोटं काही नाही."

"या वयात?" काका म्हणाले. एवढ्यात टेलरबाई आल्या. बाईंनी दोघांना खांद्याला खांदा लावून आत घातलं. दोन, एंटर. आकडा दोनाने सरकला.

मग काय, रोज संध्याकाळी दाराबाहेर पायरीवर माणसं एकमेकांची वाट बघत उभी राहायला लागली. बाई आवाज द्यायच्या, "एक आहे, एक आहे! आणखी एक कोण?" एकाच इमारतीत राहून पार्किंगवरून अबोला धरलेले दोन शेजारी एका मिनिटाच्या अंतराने आले आणि नाइलाजाने एकत्र आत गेले. एकाने दुसऱ्यासाठी दार धरलं, तेही नाइलाजाने. बसचालक उशिरा यायचा, तर परीक्षेची मुलगी त्याच्यासाठी थांबून पायरीवरच धडा संपवायची. तिघं उरले की चौथा येईपर्यंत तिघांनाही थोपवलं जाई. पायरीवर ओळखी झाल्या, ओळखीच्या गप्पा झाल्या आणि गप्पा हॉलमध्ये शिरल्या. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून टेलरबाई पोस्टमनकाकांना खुनी कोण ते सांगून टाकायच्या. ग्रंथपालांची अवस्था भीक नको पण कुत्रं आवर अशी झाली.

आकडा वाढत होता, पण धिम्या गतीने. सगळ्यांना जोडी मिळायची नाही. कंटाळून काहीजण परत जायचे, आणि बाईंना ते परत जाणारेच जास्त दिसायचे.

अशात एका संध्याकाळी बाईंची भाची आली. घराची किल्ली द्यायला म्हणून आली होती.

"थांब, जोडी येऊ दे," मावशी म्हणाली.

"मावशी, तू पण?" भाची ओरडली. तिचंही लग्न व्हायचं होतं आणि घरात दुसरा विषय नव्हता.

मावशीने सगळं सांगितलं. आकडा कुठे अडला ते सांगितल्यावर भाची पायरीवर बसून पोट धरून हसली. ही भाची धुलाई यंत्रांच्या आतले प्रोग्रॅम लिहायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पण धुलाई यंत्राच्या माणसाला माणसांच्या यंत्रातलं कळत असेल, हे मावशीच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"अगं, एकापासून सुरू करून चोवीस वेळा दुप्पट करत गेलीस की नेमका तुझा आकडा येतो," डोळे पुसत ती म्हणाली. "असं बघ. समज, तुला आकडा लिहायला तीनच चौकटी दिल्यात. आणि शेजारी एक चौकट, पुढे किती शून्यं ते सांगायला."

"बरं."

"नऊशे नव्याण्णवपर्यंत काही अडचण नाही. हजार झाले की काय लिहिशील?"

"शंभर, आणि पुढे एक शून्य."

"आता हजार एक लिही."

मावशीने टेबलावर बोटाने लिहून बघितलं. "नाही मावत. एकशे एक आणि पुढे शून्य लिहिलं तर हजार दहा होतात."

"मग एक मिळवूनही तू हजारच लिहिणार. पुढचा आला, पुन्हा हजारात एक, पुन्हा हजार. दिवसभर एकेक येत राहिले तरी हजार. दहाजण एकदम आले तरच पुढचा आकडा. कॉम्प्युटर दहाच्या नाही, दोनाच्या पटीत लिहितो, म्हणून त्याचं दहाऐवजी दोनावर अडलं. आणि मधला आकडा लिहिता येत नसला की तो जवळच्या एखाद्या बाजूला ढकलतो, कधी खाली, कधी वर. तुझे ते जाडे गृहस्थ वर ढकलले गेले."

"पण असली भिकार पद्धत काढली कुणी?"

"भिकार नाही गं, फार हुशारीची आहे. दशांशाचं टिंब हवं तिकडे सरकवता येतं, त्यामुळे मुंगीच्या पायाची जाडी आणि ताऱ्याचं अंतर तेवढ्याच चौकटींत मावतं. ताऱ्याच्या अंतरात वीतभर इकडेतिकडे झालं तर कुणाला कळतंय?"

"मी तारे मोजत नाही, माणसं मोजते."

"तेच तर. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने मापाचा आकडा वापरला, मोजायचा, एकेक सुटा धरणारा, वापरायला हवा होता. आणि आकडा तीन कोटी पस्तीस लाखांच्या पुढे गेला ना, की जोड्याही धरायचा बंद होईल. मग चौघं लागतील."

"होऊ दे की," मावशी म्हणाली. "त्यांनाही कळू दे जरा."

मग मावशीने कॉम्प्युटरकडे बघितलं. "म्हणजे एकट्यांवर त्याचा राग नाही?"

"मावशी, एकटा म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही."

मावशीला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. इतके आठवडे एकाशी हाडवैर धरावं आणि त्याला त्याचा पत्ताच नसावा, हे काही बरं नव्हे.

ग्रंथपालांनी साहेबांना फोन केला. चौकटी, शून्यं, मुंगीचा पाय, सगळं सांगितलं, आणि अर्थातच सगळ्याचा घोटाळा केला. साहेबांना एवढंच कळलं की वाचनालयातली माणसं बहुतेक फार वाचतात. ते स्वतः हॉल बघायला आले, फायलींची कपाटं कुठे लावायची ते ठरवायला. एकटेच आले.

बाईंनी अदबीने एक दाबलं, एंटर दाबलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "साहेब, बघा."

"काय बघू? काहीच झालं नाही."

"तेच सांगतेय. तुम्ही अजून आला नाहीत."

"हा काय उभा आहे मी!"

"तुम्ही काहीही म्हणाल हो," बाई म्हणाल्या. "कॉम्प्युटर काय म्हणतो ते महत्त्वाचं."

साहेब बाहेर गेले, पुन्हा आत आले. बाईंनी नियम मोडून, केवळ पाहुणा म्हणून, त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा एक दाबलं. साहेब तरीही आले नव्हते. पायरीवरचे सगळे आत डोकावून बघत होते. साहेबांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या बुटांकडे, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की पाटीखालच्या टेलरबाईंनीच "शूऽऽ" केलं. हॉलमध्ये जाऊन त्यांनी भरलेल्या खुर्च्या डोळ्यांनी बघितल्या. फायलींचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. जाताना, बाईंनी दुरुस्तीसाठी बोलावून ठेवलेल्या भाचीला म्हणाले, "दुरुस्त करून टाका. आणि मी आलो होतो, हे लक्षात असू द्या."

दुरुस्ती म्हणजे एक शब्द बदलायचा होता. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी भाचीने तो बदलला आणि विचारलं, "करून बघू या का? कुणीतरी आत यायला हवं. एकटं."

दारात दोघींशिवाय कुणी नव्हतं. मोजणीबाई स्टूलवरून उतरल्या, बाहेर गेल्या, पदर नीट केला आणि आत आल्या. भाचीने एक दाबलं. शेवटच्या आठाचा नऊ झाला. कितीतरी आठवड्यांनी पडद्यावर विषम आकडा दिसत होता.

बाई बघत राहिल्या. मग पुन्हा बाहेर गेल्या आणि पुन्हा आत आल्या. भाचीने हसत एक दाबलं. बाई तिसऱ्यांदा गेल्या. चौथ्यांदा निघाल्या तेव्हा भाचीने बटणावरचा हात काढून घेतला.

"मावशी, पुरे. चालतंय ते. आता खोटी नोंद होतेय."

"दाब तू."

"अगं, तूच म्हणतेस ना, एक माणूस एकदाच धरायचा?"

"कर्मचाऱ्यांना धरायचं नाही असा नियम आहे इथे," मोजणीबाई दारातूनच म्हणाल्या. "एवढी वर्षं रोज या दारातून आत येतेय मी. एकदाही धरलेलं नाही मला. दाब."

भाचीने हात परत बटणावर ठेवला, आणि मावशी बाहेर पायरीवर गेली.