रजिस्टरातला पीळ

कागदावर गोल भोकं पडायला हवी होती. पडली होती लांबट, कात्रीने चीर मारावी तशी. म्हणजे गोळ्या टोकाने न जाता आडव्या होऊन कागदातून गेल्या होत्या. दहा गोळ्या झाडल्या, त्यातल्या तीन तर कागदाला लागल्याच नाहीत.

रेंजवरचा आमचा जुना माणूस बारेलाल कागद उन्हाकडे धरून म्हणाला, "साहब, ऐसा तो हमने कभी नहीं देखा."

मीही पाहिलं नव्हतं. पण तसं म्हणायची माझी तयारी नव्हती.

लढाई सुरू होती. जबलपूरच्या एका दारूगोळ्याच्या फॅक्टरीत मी प्रूफ सेक्शनला होतो. प्रूफ म्हणजे तयार मालातले थोडे नमुने खरोखर झाडून बघायचे आणि लॉट पास की नापास ते लिहायचं. त्यासाठी वेगळी जाड बॅरल, म्हणजे बंदुकीची नळी, असते. ती लोखंडी स्टँडमध्ये घट्ट आवळून बसवतात, म्हणजे नेमबाजाचा हात थरथरला अशी सबब उरत नाही. लांब पल्ल्यासाठी नेहमीपेक्षा जड गोळी हवी होती, तिचा हा पहिला लॉट. वरून रोज फोन येत होते. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन मला दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे मला सगळं येत होतं.

मी तिथल्या तिथे निदान केलं. गोळीत दोष. आतलं शिसं एका बाजूला भरलं गेलंय, म्हणून ती हवेत लडबडते. खात्रीसाठी त्याच बॅरलमधून जुन्या, हलक्या गोळ्या झाडून पाहिल्या. सुरेख गोल भोकं, सगळी तळहाताएवढ्या जागेत.

"देखो," मी बारेलालला म्हणालो, "बॅरल ठीक है. माल खराब है."

आणि अहवाल लिहिला. चार पानी. शेवटच्या पानावर गोळ्या बनवणाऱ्या बुलेट शॉपच्या 'अक्षम्य हलगर्जीपणा'बद्दल एक परिच्छेद होता. तो मी दोनदा मोठ्याने वाचूनही पाहिला. छान जमला होता.

दुपारी बुलेट शॉपचे फोरमन तिवारीजी आले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. महिनाभर त्यांच्या लोकांनी रविवारची सुट्टीसुद्धा घेतली नव्हती. खिशातून रुमाल काढून त्यांनी माझ्या टेबलावर सहा गोळ्या मांडल्या.

"भैया, एक-एक तौली है. घुमा के देखी है. हमारा माल ठीक है."

"तिवारीजी, टार्गेट झूठ नहीं बोलता."

"लॉट गया तो सब गलाना पड़ेगा. और लड़कों पे इन्क्वायरी बैठेगी."

"वो मैं क्या करूँ? मैंने तो जो देखा वो लिखा."

हे वाक्य मी खुर्चीवर बसून म्हणालो. ते उभे होते. आज आठवलं की कानशिलं तापतात. त्यांनी गोळ्या परत रुमालात गुंडाळल्या आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे खानझोडे साहेब माझा अहवाल हातात घेऊन रेंजवर आले. मूळचे नागपूरचे, आवाज कधी चढवत नसत. मला वाटलं, पाठ थोपटायला आलेत.

"घाटे, मराठीत तू निबंध चांगला लिहीत असशील शाळेत."

"हो साहेब."

"या बॅरलचा ट्विस्ट किती?"

ट्विस्ट म्हणजे पीळ. बॅरलच्या आत स्क्रूसारख्या खोबणी असतात. त्यांतून जाताना गोळी गरगर फिरायला लागते, आणि फिरते म्हणून तोंड पुढे ठेवून सरळ जाते. किती इंचांत एक पूर्ण फेरा होतो, तो तिचा ट्विस्ट. गोळी जड केली की त्याच जाडीत ती लांब होते, आणि लांब गोळीला जास्त फिरकी लागते, म्हणजे कमी इंचांत फेरा. फिरकी कमी पडली की ती मंदावलेल्या भोवऱ्यासारखी डुलते आणि आडवी होते. हे सगळं मला परीक्षेत आलं होतं. चांगले मार्क मिळाले होते.

"दहा इंचांत एक फेरा," मी ताडकन सांगितलं.

"मोजला?"

"रजिस्टरमध्ये आहे."

"रजिस्टरमध्ये कोणी लिहिलं?"

महिन्यापूर्वी झिजलेली बॅरल काढून स्टोअरमधून दुसरी आणून बसवली होती. त्या ओळीत मी वरचाच आकडा उतरवला होता. बॅरल बॅरलसारखी दिसत होती, मग मोजायचं कशाला?

"चल, मोजून पाहू आपण आता," साहेब म्हणाले.

साफसफाईच्या सळईच्या टोकाला घट्ट चिंधी गुंडाळली आणि ती बॅरलमध्ये घातली. सळईची मूठ मोकळी फिरणारी असते, त्यामुळे चिंधी खोबणीतून सरकते तशी सळईही फिरते. सळईवर खडूने खूण केली. खूण फिरून परत वर येईपर्यंत सळई किती आत गेली, ते बारेलालने पट्टीने मोजलं.

"चौदह, साहब."

"फिर से नापो," मी म्हणालो.

तीनदा मोजलं. तीनदा चौदा. कुठल्या तरी जुन्या, हलक्या गोळीच्या चाचणीसाठी मागवलेली ती बॅरल होती. हलक्या गोळीला तेवढी फिरकी पुरत होती, म्हणून तर माझी खात्री सुरेख झाली होती.

स्टोअरमध्ये दहाच्या पिळाची बॅरल निघाली. ती आधी मोजली, मग बसवली. तिवारीजींच्याच लॉटमधल्या दहा गोळ्या झाडल्या. बारेलालने कागद आणून माझ्या हातात दिला. दहा गोल भोकं, वाटीखाली झाकली जातील अशी. आणि तो नवा कागद लावायला गेला.

मी बुलेट शॉपमध्ये गेलो. मशीन चालू होत्या, त्यामुळे 'माझी चूक झाली' हे मला ओरडून सांगावं लागलं. दोनदा, कारण पहिल्यांदा तिवारीजींना ऐकू आलं नाही. निदान ते तसं म्हणाले. दुसऱ्यांदा मात्र सगळ्या शॉपला ऐकू गेलं.

"ठीक है भैया," ते म्हणाले. "लॉट पास है न?"

"पास है."

"तो लिख के भेजो." आणि ते कामाला वळले.

दुरुस्तीच्या अहवालात 'कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'उपकरणातील त्रुटी'. खानझोडे साहेबांनी ते लाल पेन्सिलने खोडलं आणि वर लिहिलं, 'घाटे'.

पहिल्या अहवालाच्या प्रती मी हौसेने आठ टेबलांवर पाठवल्या होत्या. त्या परत आणायला मलाच जावं लागलं, आणि प्रत्येक टेबलावरच्या माणसाने शेवटचा परिच्छेद मला वाचून दाखवल्यावरच प्रत सोडली. त्यात तीन दिवस गेले. पीळ मोजायला दहा मिनिटं लागतात.