नरसय्यानं मशीन उघडलं नव्हतं

मंडईत कांद्याच्या पोत्यापाशी उभी राहून मी भाव पाडत होते, तेव्हा भीमण्णानं मागून हाक मारली. भीमण्णा मागावरचा कामगार, माझ्या खानावळीतलं जुनं गिऱ्हाईक. म्हणाला, “अक्का, फ्रिजवाले नरसय्या गेले की. काल दुपारी. छातीत कळ आली म्हनं.” कांदेवाल्याला मी जे बोलत होते ते अर्धंच राहिलं. त्यानं सांगितलेला भाव मी तसाच कबूल केला... त्याचं त्यालाच चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण न मागता त्यानं आणखी दोन मुठी कांदे पिशवीत टाकले.

त्याला आता पाच आठवडे झाले. माणूस गेल्यावर चार बरे शब्द लिहायची पद्धत आहे, पण मी त्यासाठी लिहायला बसलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात भरल्या पंगतीत मी नरसय्यावर आळ घेतला, की कंपनीनं सील केलेलं माझ्या फ्रिजचं मशीन त्यानं चोरून उघडलं आणि माझी गॅरंटी बुडवली. तो आळ खोटा होता. माझ्या तोंडून निघून तो साखर पेठेपासून मिलच्या दारापर्यंत गेला, आणि त्याच्या हातचं काम गेलं. खोटं जितकं लांब गेलं तितकंच खरंही गेलं पाहिजे, म्हणून हे छापायला देते आहे.

अक्कलकोटकडून मी सोलापुरात आले ती नवरा गेल्यावर, एक पाटी आणि एक तवा घेऊन. मिलच्या दारात बसून भाकरी विकली. पुढं माडीवरची खोली घेतली, मग शेजारची घेतली, आणि खानावळीत चाळीस पानं उठायला लागली. यात मला कुणी एक पैसा सोडलेला नाही, मीही कुणाला सोडला नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळचं दही दुपारपर्यंत फसफसून येतं. म्हणून मिलचा एक मोठा साहेब गाव सोडून चालला तेव्हा त्याच्या बंगल्यावरचा जुना विलायती फ्रिज मी घासाघीस करून उचलला. गोल खांद्यांचा, चार हमाल लागले तेव्हा जागचा हलला, दाराला कुलूप आणि किल्ली. घरी आणला तर चालेना. मिलमधल्या थंड हवेच्या मशीनवर काम केलेला एक तेलुगू मिस्त्री आहे असं कुणी सांगितलं, आणि नरसय्या आला.

त्याची काम करायची रीत वेगळीच होती. आधी तो काहीच उघडत नसे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनच्या काळ्या डब्यावर टेकवायचा, दांडी कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा. मी म्हटलं, पोटातलं बाळ ऐकतोस काय? तो म्हणाला, “म्हातारं हाय अक्का, पण छाती चांगली हाय. वीज नीट पोचत न्हाय त्याला.” एक वायर बदलली, दाराचं रबर बदललं, आणि तो फ्रिज जो चालू झाला तो सहा वर्षं थांबला नाही. सकाळी पेठेतले माग एकदम सुरू झाले की दिवे मंदावतात. त्या वेळात बटण बंद ठेवायला त्यानं मला शिकवलं. दुष्काळाच्या उन्हाळ्यात सगळ्या गल्लीत थंड काही मिळायचं ठिकाण तेवढंच होतं. कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या तापासाठी बर्फ, सगळं माझ्या दह्याच्या पातेल्यांशेजारी असायचं.

नरसय्याशी घासाघीस करता येत नसे, याचा मला फार राग यायचा. तो मजुरी एकदाच सांगायचा. मी कमी म्हटलं की वाद नाही, उसासा नाही. “बरं अक्का, तुमाला वाटंल तेवढं द्या,” म्हणायचा आणि हत्यारं पिशवीत भरायला लागायचा. अशानं माणसाला सगळी मजुरी द्यावी लागते. कामाच्या दिवशी तो पंगतीत जेवायचा. कडक भाकरी हातानं चुरून, वर शेंगाचटणी आणि दही. दही थंड आहे का ते आधी बोटानं बघायचा, मग जेवायचा.

मग नवं दुकान निघालं आणि माझी मती फिरली. काचेच्या दारामागे आकाशी रंगाचे फ्रिज ओळीनं उभे. आत दिवा, अंड्यांना खळगे, दार नुसतं लोटलं की चिकटतं. गळ्यात टाय बांधलेला एक तरुण गॅरंटीचा कागद नाचवत होता. दोन दुपारी मी त्याचं डोकं खाल्लं. किंमत उतरवली, जुना फ्रिज त्याच्या गळ्यात मारला, वर स्टूलही मागून घेतलं. मोठ्या फुशारकीनं नरसय्याला दाखवायला नेलं. त्यानं बोटानं पत्रा वाजवला, मागं वाकून बघितलं आणि म्हणाला, “अक्का, ह्यात दुरुस्त करायला काय ठेवलंच न्हाय. बंद डबा हाय. चालंल तवर चालंल, मग फेकायचा. तुमचा म्हातारा ठेवा.”

मी म्हटलं, “तुझं पोट दुरुस्तीवर. तू दुसरं काय सांगणार?”

तो हसला. जुना फ्रिज दुकानदारानं भंगारात काढला तेव्हा नरसय्यानंच तो उचलला आणि स्वतःच्या घरी नेला. मला वाटलं, नरसय्या फसला.

नवा फ्रिज दोन उन्हाळेसुद्धा धड चालला नाही. दोन! माझ्या सासूचं जातं तिच्या सासूचं होतं. माझा पहिला तवा अजून चुलीवर आहे. भाकरी थापायची काटवट तीस वर्षांची आहे. आणि हजारांत पैसे मोजून आणलेलं यंत्र, ज्याच्या कागदावर पाच वर्षं छापलेली, ते दुसऱ्या वैशाखात तापून बंद पडतं. थोडं गार होतं, परत घुर्र करतं, परत बंद. एका दुपारी चाळीस माणसांचं दही आंबून नासलं. मी नरसय्याला बोलावलं. त्यानं नेहमीसारखा स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. मग मागच्या बाजूला वाकून बराच वेळ नुसतं बघत राहिला. उठला आणि म्हणाला, “मी उघडत न्हाय. कंपनीला बोलवा. त्यांचं त्यांनी बघू दे.”

कंपनीचा माणूस यायला तीन पत्रं आणि दुकानाच्या पायरीवरची दोन भांडणं लागली. तो आला दुपारच्या पंगतीच्या वेळी. बॅटरी मारून मागं बघितलं आणि उभा राहिला. म्हणाला, मशीनच्या झाकणाच्या स्क्रूंवर कंपनीचा लाल रंगाचा ठिपका असतो, तेच सील. ठिपके गेलेले आहेत. म्हणजे बाहेरच्या मिस्त्रीनं झाकण उघडलंय, आणि वर कुंकू लावून आम्हाला फसवताय. गॅरंटी रद्द. मी म्हटलं, कुंकू माझं आहे, खंडेनवमीला पूजा केली त्याचं. तो म्हणाला, कुंकू तुमचं असेल बाई, पण रंग कुणी काढला?

रंग कुणी काढला... त्या फ्रिजच्या मागं माझ्याशिवाय एकच माणूस वाकला होता. आणि तो तेव्हा पंगतीत बसून भाकरी चुरत होता, कारण कंपनीचा माणूस काय सांगतो ते ऐकायला मीच त्याला थांबवलं होतं. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. चोर म्हणाले. जुना फ्रिज घशात घातलास, आता नव्याचा मुडदा पाडलास, म्हणजे जन्मभर दुरुस्त्या काढायला मोकळा, असंही म्हणाले. चाळीस माणसांचे हात ताटात थांबले.

नरसय्यानं मान वर केली. आधी फ्रिजकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. “अक्का, मी मशीन उघडलं न्हाय.”

“मग रंग काय उंदरानं खाल्ला?”

त्यानं ताटातली भाकरी संपवली, कारण अन्न टाकणारा तो नव्हता. हात धुतला, पिशवी उचलली आणि गेला. जिन्याच्या वरच्या पायरीवर क्षणभर थांबला होता, असं मला अजून वाटतं.

खानावळीत बोललेलं कुठवर जातं ते मला माहीत आहे. माझ्या पंगतीत मागवाले होते, दुकानांवरचे कारकून होते, दवाखान्यातला कंपाउंडर होता. महिनाभरात नरसय्याकडची कामं आटली. गॅरंटीतल्या मशीनला तो हात लावतो, असं लोक एकमेकांना सांगू लागले.

त्याच वर्षीच्या खंडेनवमीला मला कळलं. आमच्याकडं त्या दिवशी प्रत्येक हत्यार, प्रत्येक यंत्र राखेनं आणि काथ्यानं घासून लख्ख करायचं, जुनं कुंकू काढायचं, नवं हळद-कुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. हे काम मी कामवालीवर सोपवत नाही. पंगतीसाठी नवा टेबल-फॅन घेतला होता. त्याच्या पाठीमागच्या स्क्रूवर लाल ठिपका दिसला. दुकानदारानं पूजा केलेली दिसते, असं मनात म्हणत मी काथ्या फिरवला. कुंकू असतं तर ओल्या काथ्यात विरघळलं असतं. हे विरघळेना. जोर लावला तेव्हा टवका उडून माझ्या अंगठ्याला चिकटला. रंग होता.

मी तशीच जमिनीवर बसले. आदल्या खंडेनवमीला त्या आकाशी फ्रिजच्या मागं बसून मी अशीच घासत होते. दुकानातलं जुनं कुंकू फार घट्ट बसलंय, असं म्हणत होते. तेव्हा कंपनीचं सील मी माझ्या हातानं, राखेनं, भक्तीनं खरवडून काढलं होतं.

त्याच दिवशी उठून नरसय्याकडं जायचं होतं. गेले नाही. मला राग आला, आणि तो सगळा कंपनीवर काढला. दोन वर्षांत जळणारं यंत्र विकता, पाच वर्षांचा शब्द देता, आणि तो शब्द टाचणीच्या डोक्याएवढ्या रंगावर टांगून ठेवता? घासू नका, असं कागदावर कुठं लिहिलंय? यंत्र चाललं नाही ते रंग गेला म्हणून की आतलं कुचकामी म्हणून? हे मी कॉलेजातल्या एका जेवणाऱ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं आणि सहा महिने पाठवत राहिले. उत्तरं आली, सगळी एकाच साच्यातली. माझा प्रश्न खरा होता, आजही खरा आहे. पण मी मनाशी असा सौदा केला होता, की आधी कंपनीला नमवीन, मग तो कागद घेऊन ताठ मानेनं नरसय्याकडं जाईन. रिकाम्या हातानं जायची मला सवय नव्हती. तो थांबेल, असं मी धरून चालले.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेले. पुढच्या खोलीत बंद माग, आणि त्याच्या शेजारी माझा म्हातारा, गोल खांद्यांचा, चालू. नरसय्याच्या बायकोनं, यल्लम्मानं, त्यातलंच पाणी दिलं. दात शिवशिवले. मी खंडेनवमीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “त्यांना ठावं होतं. त्याच दुपारी घरी येऊन बोलले, अक्कांनी घासलंय, राख अजून स्क्रूच्या खाचंत हाय.”

मला तिथंच संताप आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले. मग बोलला का नाही? माझ्या तोंडावर सांगायचं होतं, चार शिव्या घालायच्या होत्या.

“मी पन तेच म्हनले,” यल्लम्मा म्हणाली. “तर म्हनाले, चाळीस मानसांत बाईची चूक काय काढायची. येतील त्या. अक्कांना कुटलाबी भाव कबूल करायला वेळ लागतो.”

मी म्हटलं, “यल्लम्मा, त्यानं मशीन उघडलं नव्हतं.”

“मला काय सांगता? मी कधी म्हनलं उघडलं? तिकडं सांगा, पंगतीत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं वाढून झाल्यावर मी सांगितलं. फ्रिज मी घासला, सील मी काढलं, चोर मी म्हटलं. भीमण्णा ताटातून मान वर न करता म्हणाला, “हे त्यो हितं बसला हुता तवा बोलायचं हुतं, अक्का.” मी त्याला दही वाढलं. मातीच्या ओल्या मडक्यातलं. त्या आकाशी फ्रिजमध्ये आता तूरडाळ आणि पापडाचे डबे असतात. उंदीर शिरत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग.

पंगतीत सांगितलं, एवढं कळवायला मी पुन्हा यल्लम्माकडं गेले. तिनं मान हलवली. फ्रिजच्या डोक्यावर त्याचा लांब स्क्रू-ड्रायव्हर होता, तो काढून तिनं माझ्या हातात दिला आणि चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली. मी मागं जाऊन खाली बसले. टोक काळ्या डब्यावर टेकवलं, दांडी कानाला लावली, डोळे मिटले. आत काहीतरी सावकाश, घाई न करता चाललेलं होतं. मग एक हिसका बसला आणि सगळं गप्प झालं. मी दचकून डोळे उघडले.

यल्लम्मानं चरख्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, “थांबा अक्का. हुतंय ते परत चालू.”

मी दांडी कानाला तशीच धरून बसून राहिले...