शब्बीरने बाकी ठेवलेली गाठ

इरफानचा फोन आला तेव्हा मी भांडगावच्या मळ्यात उसाला पाणी देत होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच तो बोलला. यवतचा शब्बीर टेलर, माझा आठवीपासूनचा मित्र, सकाळचा चहा पिता पिता गेला. आणि मी त्याच्याशी चार महिने बोललो नव्हतो... कशावरून, ते ऐकलंत तर हसाल. पुस्तकातल्या एका अंतराळयानाच्या कप्तानावरून.

आम्ही शाळेत होतो तेव्हा ‘तारानौका’ नावाची विज्ञानकथांची पुस्तकं निघायची. पातळ, दोनदा वाचली की पानं सुटणारी. दोघांत मिळून एक घ्यायचो. शब्बीर वडिलांच्या मशीनशेजारी बसून सुटी पानं हाताने शिवायचा आणि वर गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडाचं कव्हर चढवायचा. कुणाच्या लग्नातल्या सफारीचा तुकडा, कुणाच्या परकराचा. त्यात त्याचा एक नेम होता. दोघांचंही वाचून होईपर्यंत शेवटची गाठ मारायची नाही. दोरा तसाच लोंबत राहायचा. "तुझं झालं की तू मार, दत्ता," म्हणायचा. पुढे दुकान त्याच्याकडे आलं, मी मास्तर झालो, निवृत्तही झालो; पण गाठ मारायला यवतलाच जायचो.

गेल्या वर्षी ही मालिका नव्याने सुरू झाली. नव्या लेखिकेने पहिल्याच पानावर कप्तान भार्गवला मारलं आणि जहाज इंजिन दुरुस्त करणाऱ्या बाईच्या ताब्यात दिलं. माझं डोकंच फिरलं. शिरूरला आमच्या वाचक मंडळाचं एक कपाट आहे, त्यातली सगळी जुनी पुस्तकं शब्बीरनेच शिवलेली. त्या कपाटात नव्या पुस्तकांना जागा द्यायची नाही, असा ठराव मी मांडला. जोरदार भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. मग शब्बीर उठला. चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटणारा माणूस.

"बापाचा कोट पोराला बसवायचा तर आधी उसवावा लागतो," तो म्हणाला. "उसवणं म्हंजी फाडणं न्हवं. कापड तेच ऱ्हातंय. आन् न्हाई उसवला, तर पेटीत कसर लागंल त्याला."

"मामा, तुम्ही पँटी शिवा," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मीही हसलो. शब्बीर चिडला नाही. "त्याच शिवतो, म्हणून सांगतोय," म्हणाला आणि खाली बसला. ठराव मंजूर झाला, विरोधात हात एकच. बाहेर आल्यावर "तू आपल्या कप्तानाला विकलंस" असं सुनावून मी त्याला तिथंच सोडलं आणि माझी गाडी काढली. बिचारा एसटीने यवतला गेला.

पुढच्याच महिन्यात मंडळाने फाटलेली सात पुस्तकं निर्लज्जपणे त्याच्याकडेच पाठवली. त्याने सातही शिवून दिली, आणि नेहमीपेक्षा नीट. मी जन्मभर पोरांना फळ्यावर लिहून दिलं की मतभेद असावेत, मनभेद नसावेत. ते जगून दाखवलं ते सातवीनंतर... नाही, आठवीनंतर शाळा सुटलेल्या माझ्या मित्राने. भर सभेत एकटा हात वर करणारा हा माणूस माझा मित्र होता, हे मी आता छाती ठोकून सांगतो. तेव्हा सांगायला हवं होतं.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी दुकानात गेलो. इरफानने मशीनच्या खणातून एक पुस्तक काढून दिलं. नवी ‘तारानौका’, भाग पहिला. कव्हर माझ्याच राखाडी शर्टाचं. झिजलेली कॉलर उलटवायला टाकला होता आणि न्यायचा राहिला होता. दोरा लोंबत होता, सुई अजून त्यातच.

"अब्बा रोज म्हणायचे, दत्ताचं वाचायचं ऱ्हायलंय, हात लावू नका," इरफान म्हणाला.

दोन दिवसांत वाचलं. कप्तानाचं मरण मला अजूनही पटलेलं नाही. पण ती बाई जहाज झकास चालवते, हे कबूल. शब्बीरच्याच स्टुलावर बसून गाठ मारली. ठराव मागे घ्यावा म्हणून मंडळाला पत्रही लिहिलंय.

परवा दुसरा भाग आला. पानं सुटण्याआधीच शिवायला घेतला. टाके वाकडे पडलेत, बोटं टोचून घेतलीत. कव्हरसाठी इरफानने त्याच्या अब्बांच्या सदऱ्याचा तुकडा दिला. वाचून झालंय... पण दोघांचं झाल्याशिवाय गाठ मारायची नाही, असा नेम आहे. दोरा लोंबतोय.