माइक बंद ठेवा

१४ जुलै. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

पांडेसरा-बमरोली या कामगार वस्तीत घरी शिलाई करणाऱ्या बायकांना मी आणि वैशाली मोबाइलवरून दहावीचं गणित शिकवतो. वर्ग वेगवेगळे. माझा वर्ग अगदी शांत असतो. "समजलं का?" विचारलं की पडद्यावर अंगठे येतात, बस.

आज माझ्या वर्गातल्या सुनंदाताईंनी वैशालीच्या वर्गात बदली मागितली. असं काय आहे तिथे, म्हणून वैशालीला विचारून मी तिच्या वर्गात बसले.

नुसता शिलाई मशीनचा खडखडाट. सुनंदाताई आधीच तिथे, मशीनवर साडीला लेस लावत.

"काय ताई, आज जेवाले काय शे?" वैशालीने त्यांच्याच बोलीत विचारलं.

"भरीत-भाकर. येतस का?"

"आधी समीकरण सोडवा, मग येते."

मशीन चालूच ठेवून ताईंनी उत्तर दिलं. चुकलं. सगळ्या हसल्या, त्याही हसल्या, आणि पुन्हा सोडवलं. माझ्याकडे त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

फार हेवा वाटला. गप्पांत वैशालीची दोन उदाहरणं शिकवायची राहून गेली, याचं मला बरंसुद्धा वाटलं. मग आठवलं, मशीनचा आवाज येतो म्हणून माइक बंद ठेवायचा नियम माझाच.

ताईंना जाऊ द्यावं, की थांबा म्हणावं? थांबा म्हटलं तर ते त्यांच्यासाठी असेल की वैशालीला हरवण्यासाठी? तुम्ही काय केलं असतं?

उद्या: वर्ग सुरू होताच सगळ्यांना माइक चालू करायला सांगणे.