बाटली नव्हे, खोका

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता रडणार. ते म्हणाले, "आस्ट्रेलियात पाण्यागत पित्यात म्हणं. घरात बाटली आली तर मी मेलो समज." त्यांचा धाकटा भाऊ दारूनं गेला होता, त्यामुळे मी मुकाट मान हलवली. "येतो आबा," म्हटलं. आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, येतो, जातो. नवऱ्याला अ‍ॅडलेडला मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली होती. मी तेवीस वर्षांची होते आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीत दारावरून ओळखीचं कुणी गेलं की "च्या घेऊन जावा की" म्हणायची सवय. अ‍ॅडलेडच्या आमच्या रस्त्यावर माणूसच दिसेना. पहिलं वर्ष मी भिंतींशी बोलले. मग एका शनिवारी शेजारची मार्गारेट जेवायला आली, ती काखेत पुठ्ठ्याचा खोका मारून. खोक्याला चक्क नळ! आत चंदेरी पिशवी, पिशवीत चार लिटर पांढरी वाइन.

कोल्हापूरच्या माझ्या बायांनो, त्या खोक्याचं कौतुक किती सांगू. बाटली एकदा उघडली की संपवावी लागते, नाहीतर आंबते. इथं पिशवीत हवा शिरतच नाही. वाइन कमी होईल तशी पिशवी आक्रसत जाते, महिनाभर काही बिघडत नाही. अर्धा पेला घ्यायचा आणि नळ बंद. बूच उपसायची कटकट नाही, काच फुटायची भीती नाही, फ्रिजच्या कप्प्यात गुमान बसतो. पाहुणे वाढले तरी पुरून उरतो. तांबडा रस्सा खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी आलेल्या गोऱ्यांना तर तो नळ म्हणजे देवच. दर शनिवारी आमचं घर भरायला लागलं. आणि आबांना दिलेला शब्द? मी मनाची समजूत घातली की ते बाटली म्हणालेत, आणि ह्यो तर खोका हाय.

आबांना लिहिलेल्या पत्रांत मात्र चार वर्षं त्या खोक्याचं अवाक्षर नव्हतं. मग दूध डेअरीतून रिटायर होऊन आबा आम्हाला भेटायला आले. मी खोक्याला वर्तमानपत्र गुंडाळलं आणि तो फ्रिजमध्ये मागं सारला. नळ तेवढा कागदाबाहेर राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी फ्रिज उघडला, गार पाण्याची सोय बघून खूश झाले, तांब्या भरला आणि वरून घटाघटा तोंडात ओतला.

"पाणी आंबलंय की गं ह्ये," ते ओरडले.

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांचं तोंड बघून माझी जीभच उचलेना. "आबा, दारू हाय ती," मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. आता हे परतीचं तिकीट मागणार, परत माझं नाव घेणार नाहीत, या धास्तीत मी भाकऱ्या थापत राहिले. जेवायची वेळ झाली तसे ते उठले. खोका टेबलावर आणून पुठ्ठा फाडला आणि ती पिशवी तळहातावर तोलली. जन्मभर नासलेलं दूध ओळखण्यात गेलेला माणूस.

"हवा न्हाय, म्हणून नासत न्हाय व्हय," ते म्हणाले. "ह्यात दूध घातलं तर?" मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "धाकट्यानं बी वैरणीत लपवून ठेवली व्हती. आमाला कळंस्तवर वेळ गेली. तू प्यालीस, त्याचं काय न्हाय. माझ्यापास्नं लपवलंस की गं."

मी हुंदके देऊन रडले. त्यांनी ताट ओढून घेतलं आणि भाकरी मोडली.

त्या शनिवारी मार्गारेटचा पेला आबांनी स्वतः भरला. "घ्या की पावणं," म्हणाले आणि आपण चहा घेतला.

तुम्ही पत्रात विचारता, घरी कधी येणार? कोल्हापूरला येईन, नक्की येईन. पण घर म्हणून मी आता इथलाच पत्ता लिहिते. आबांना माझं सगळं कळलं आणि तरीही ते माझ्या हातचं जेवले, ते या घरात.